रोम आणि चीन: भेट झाली की हुकली?

रोमच्या इतिहासाचं वेड लागलेली माणसं एकत्र जमली की गप्पांचे विषय जवळजवळ ठरलेले असतात. कॅनीची लढाई जिंकल्यावर हॅनिबल थेट रोमवर का चालून गेला नाही? सीझर त्या मार्चमध्ये वाचला असता तर पार्थियाची मोहीम कुठवर गेली असती? निरो खरंच तेवढा वाईट होता का? २०२३ च्या सप्टेंबरात समाजमाध्यमांवर नवऱ्यांना ‘तुम्ही रोमन साम्राज्याचा विचार किती वेळा करता?’ असं विचारण्याची लाट आली होती. ‘रोजच’, ‘दिवसातून दोनतीनदा’ अशी उत्तरं ऐकून पुष्कळ बायका चाट पडल्या. ज्यांना हे वेड आहे त्यांना मात्र त्यात नवल वाटलं नाही.

या गप्पांचा गाडा आज ना उद्या चीनवर येतोच. रोमन लीजन आणि हान सैन्य समोरासमोर आलं असतं तर कोण जिंकलं असतं, इथून सुरुवात होते. मग कुणीतरी गान्सूमधल्या ‘रोमन गावा’ची गोष्ट काढतो, दुसरा मार्कस ऑरेलियसचे दूत चीनला गेले होते असं ठासून सांगतो आणि तिसरा त्या दोघांनाही वेड्यात काढतो. गंमत अशी की या हलक्याफुलक्या वादांमागे सुमारे १४० वर्षांचं गंभीर संशोधन आहे, आणि गप्पांमधला जवळजवळ प्रत्येक दावा कुठल्या ना कुठल्या विद्वानाने कधीतरी छापून मांडलेला आहे. त्यातलं काय टिकलं, काय पडलं आणि काय अजून लटकलेलं आहे, ते इथे पाहू.

ऐकीव माहितीची दोन टोकं

इसवी सनाच्या पहिल्या दोन शतकांत युरेशियाच्या दोन टोकांना दोन प्रचंड साम्राज्यं होती. हान चीनची इ.स. २ मधली शिरगणती उपलब्ध आहे. तिच्यात साडेपाच ते सहा कोटींच्या दरम्यान माणसं मोजलेली आहेत. रोमची लोकसंख्याही साधारण त्याच घरात असावी, असा अंदाज केला जातो. दोघांच्या मधे पार्थियन आणि पुढे कुषाण ही राज्यं, वाळवंटं, पामीरचे डोंगर, आणि दक्षिणेकडून जायचं तर पावसाळी वाऱ्यांवर अवलंबून असलेला समुद्र.

दोघांनाही एकमेकांबद्दल काहीतरी कळलेलं होतं, पण ते कळणं दुरून डोंगर साजरे अशा थाटाचं. रोमन लोक रेशीम पाठवणाऱ्यांना ‘सेरेस’ म्हणत. रेशीम झाडाच्या पानांवर लोकरीसारखं उगवतं आणि सेरेस ते विंचरून काढतात, अशी समजूत पहिल्या शतकातल्या प्लिनीसारख्या चौकस माणसाचीही होती. दुसऱ्या शतकातला ग्रीक प्रवासी पॉसेनियस सत्याच्या थोडा जवळ पोचला, पण तिथून भलतीकडेच भरकटला. त्याच्या मते रेशीम एका किड्यापासून मिळतं. हा किडा मोठ्यात मोठ्या भुंग्याच्या दुप्पट असतो, त्याला कोळ्यासारखे आठ पाय असतात, चार वर्षं त्याला भरड धान्य चारतात, पाचव्या वर्षी हिरवं बोरू देतात, आणि ते खाऊन खाऊन तो फुटला की त्याच्या पोटात धागा सापडतो. रेशीम वापरण्याची हौस मात्र या अज्ञानामुळे अडली नाही. इ.स. १६ मध्ये तिबेरियसच्या काळात पुरुषांनी रेशमी वस्त्रं वापरू नयेत असा ठराव सिनेटला करावा लागला.

चिनी बाजूला पश्चिमेच्या त्या मोठ्या देशाचं नाव होतं ‘दाचिन’. पाचव्या शतकात फान ये या इतिहासकाराने रचलेल्या ‘हौ हानशू’ या ग्रंथात दाचिनचं वर्णन येतं. त्यातला बराचसा भाग १२५ च्या सुमारास बान युंग या सेनानीने दिलेल्या अहवालावर आधारलेला आहे. चारशेहून अधिक शहरं, दहा चांदीच्या नाण्यांना एक सोन्याचं नाणं, व्यापारात सचोटी. राजा वंशपरंपरेने येत नाही, लायक माणूस निवडतात. देशावर संकट आलं तर त्याला काढून दुसरा बसवतात आणि काढलेला राजा मुळीच रागवत नाही. कॅलिग्युला, निरो आणि डोमिशियन यांचे शेवट ज्यांना ठाऊक आहेत त्यांना या शेवटच्या वाक्यावर हसू आवरत नाही.

दाचिन म्हणजे नक्की काय, यावरून अभ्यासकांत दोन तट आहेत. १८८५ मध्ये जर्मन चिनीविद्यापंडित फ्रीडरिश हिर्त याने या सगळ्या चिनी नोंदी एकत्र करून मांडल्या आणि दाचिन म्हणजे रोमन साम्राज्याचा पूर्व भाग, मुख्यतः सीरिया, असा निष्कर्ष काढला. पुढे डोनाल्ड लेस्ली आणि केनेथ गार्डिनर यांनी १९९६ च्या ग्रंथात या नोंदींत रोमचीही खरी माहिती शिरली आहे, असं मत मांडलं. एडविन पुलिब्लँक यांना ते पटलं नाही. त्यांच्या मते चिनी लेखकांनी खऱ्या तुकड्यांना आपल्याकडच्या स्वप्नवत पश्चिमेची जोड दिली आहे. दाचिन म्हणजे ‘रोमच्या ताब्यातलं काहीतरी’ इथपर्यंत बहुतेकांचं एकमत आहे. त्यापुढे प्रत्येक गावाचं नाव हा स्वतंत्र वाद आहे.

गान यिंगची माघार

इ.स. ९७ मध्ये मध्य आशियात चीनचा अंमल बसवणाऱ्या बान चाओ या सेनापतीने गान यिंग नावाच्या आपल्या माणसाला दाचिनकडे पाठवलं. तो पार्थिया ओलांडून तिआओझ्ही या प्रदेशात, एका मोठ्या समुद्राच्या काठी पोचला. पलीकडे जायचं तर तिथल्या खलाशांनी त्याला सांगितलं की वारा चांगला असेल तर तीन महिने लागतात, वारा पडला तर दोन वर्षंही लागू शकतात, म्हणून जाणारे तीन वर्षांची शिधासामग्री बरोबर घेतात. शिवाय या समुद्रावर माणसाला घरची ओढ अशी लागते की काही त्यातच मरतात. गान यिंगने हे ऐकलं आणि तो मागे फिरला.

हा समुद्र कुठला? जुन्या काळी काहींनी भूमध्य समुद्र, तर काहींनी काळा समुद्र सुचवला होता. आता इराणच्या आखाताच्या वरच्या टोकाशी, टायग्रिस-युफ्रेटिसच्या दक्षिण टोकाकडे, असं मत प्रबळ आहे. आणि खलाशी असं का बोलले? लोकप्रिय उत्तर सरळ आहे: पार्थियनांना मधली दलाली सोडायची नव्हती, म्हणून त्यांनी पाहुण्याला घाबरवलं. याला आधारही आहे, कारण त्याच ग्रंथात दाचिनच्या राजाला चीनशी संबंध हवे होते पण रेशमाचा व्यापार हाती ठेवण्यासाठी पार्थियाने वाट अडवली, असं स्पष्ट म्हटलं आहे. पण दुसरी शक्यता तितकीच साधी आहे. आखातातून निघून अरबस्तानाला वळसा घालून तांबड्या समुद्रातून इजिप्तला पोचायचं तर खलाशांनी सांगितलेला काळ फारसा अवाजवी नाही. म्हणजे ते कदाचित खरंच बोलत होते. घरच्या ओढीबद्दल तर ते नक्कीच खरं बोलत असावेत.

रोमप्रेमींना या कथेचं दुसरं टोक फार आवडतं. इ.स. ११६ मध्ये सम्राट ट्रेजन पार्थियाशी लढत लढत इराणच्या आखातापर्यंत पोचला. तिथे भारताकडे निघालेलं एक जहाज पाहून, आपण तरुण असतो तर तिकडे गेलो असतो, असं तो म्हणाल्याचं इतिहासकार कॅसियस डिओ सांगतो. तिआओझ्ही खरोखर त्याच किनाऱ्यावर असेल तर चीनचा दूत आणि रोमचा सम्राट एकोणीस वर्षांच्या अंतराने एकाच समुद्राकडे बघत उभे होते. पुरावा म्हणून याची किंमत शून्य आहे. गप्पा मात्र यावर तासभर रंगतात, आणि का रंगू नयेत?

सन १६६ आणि ते तीन नजराणे

सगळ्यात जास्त शाई खर्च झाली आहे ती इ.स. १६६ च्या नोंदीवर. सम्राट हुआनच्या कारकिर्दीत दाचिनचा राजा ‘आनदुन’ याने पाठवलेले दूत रिनानच्या सरहद्दीवरून, म्हणजे आजच्या मध्य व्हिएतनामच्या बाजूने आले आणि त्यांनी हस्तिदंत, गेंड्याचं शिंग आणि कासवाची पाठ नजर केली. दोन्ही देशांत थेट संपर्क सुरू झाला तो तेव्हापासून, असं ‘हौ हानशू’ म्हणतो. लगेच पुढे ग्रंथकर्ताच शंका काढतो: या नजराण्यात मौल्यवान असं काहीच नव्हतं, तेव्हा दाचिनच्या वैभवाच्या बातम्या फुगवलेल्या तर नव्हत्या ना?

आनदुन म्हणजे अँटोनायनस, हे जवळजवळ सगळे मान्य करतात. पण कोणता? अँटोनायनस पायस १६१ मध्ये वारला. त्याचा वारस मार्कस ऑरेलियस, त्याच्याही नावात अँटोनायनस होतंच. प्रवासाला लागणारा वेळ धरला तर दोन्ही शक्य आहेत.

दूत कोण होते यावर तीन मतं आहेत. पहिलं मत म्हणजे ही खरी शाही वकिलात होती. काळ त्याला अनुकूल आहे: १६१ ते १६६ रोम आणि पार्थिया यांचं युद्ध चालू होतं, जमिनीची वाट बंद, तेव्हा समुद्रमार्गे चीनशी संधान बांधण्यात अर्थ होता. अडचण अशी की रोमन साहित्यात या वकिलातीचा एक शब्दही नाही, आणि रोमचा सम्राट हस्तिदंत पाठवील हे पटत नाही. दुसरं मत, आज सर्वाधिक मान्य असलेलं, असं की हे पूर्व रोमन प्रांतांतले व्यापारी होते. दरबारात शिरकाव मिळावा म्हणून त्यांनी राजाचं नाव सांगितलं आणि नजराणा वाटेत, भारत किंवा आग्नेय आशियात, विकत घेतला. खरे नजराणे वाटेत हरवले किंवा विकले गेले, असा बचाव पहिल्या मताचे लोक करतात. तो खोडून काढता येत नाही आणि सिद्धही करता येत नाही. तिसऱ्या मतानुसार आलेल्या माणसांचा रोमशी संबंधच नसेल, ते आग्नेय आशियातलेच व्यापारी असतील. मला दुसरं मत सर्वांत कमी ओढाताणीचं वाटतं, पण व्यापाऱ्याचं वेषांतर आणि दूताचं काम यांतली रेघ त्या काळी आपण मानतो तितकी ठळक नव्हती, हेही लक्षात ठेवायला हवं.

ही एकटी घटना नाही, म्हणून तिला वजन येतं. इ.स. १२० मध्ये आजच्या ब्रह्मदेशाकडच्या शान राजाने हान दरबारात वादक आणि जादूगार पाठवले. ते तोंडातून आग काढत, स्वतःला बांधून घेऊन सुटत, गाय आणि घोडा यांची मुंडकी अदलाबदल करून दाखवत. आपण समुद्राच्या पश्चिमेकडचे, म्हणजे दाचिनचे, असं त्यांनी सांगितलं. इ.स. २२६ मध्ये दाचिनचा चिन लुन नावाचा व्यापारी दक्षिण चीनमधल्या वू राज्याच्या राजासमोर, सुन चुआनसमोर, उभा राहिला. राजाने त्याच्या देशाची चौकशी केली, त्याच्याबरोबर वीस ठेंगू माणसं, दहा बाया आणि दहा पुरुष, भेट म्हणून धाडली आणि सोबतीला एक अधिकारी दिला. अधिकारी वाटेतच वारला, चिन लुन परत आपल्या देशी गेला. त्या वीस जणांचं पुढे काय झालं ते कळत नाही.

हरवलेलं लीजन

गप्पांमधला सगळ्यात लाडका विषय हा, आणि संशोधनात सगळ्यात कमी टिकलेलाही हाच. ऑक्सफर्डचे चिनी भाषेचे प्राध्यापक होमर डब्ज यांनी १९५५ मध्ये दिलेलं व्याख्यान १९५७ मध्ये पुस्तिकेच्या रूपात आलं. मांडणी अशी: इ.स.पू. ५३ मध्ये कॅरेच्या लढाईत पार्थियनांनी रोमन सेनापती क्रॅससच्या सैन्याचा धुव्वा उडवला, सुमारे दहा हजार रोमन कैदी झाले आणि त्यातले काही पूर्वेकडे मार्जियाना म्हणजे मर्वकडे नेले गेले. इथवर ग्रीक-रोमन लेखकांचा आधार आहे. पुढे इ.स.पू. ३६ मध्ये तलास नदीच्या काठी शिओंगनू या भटक्या टोळ्यांच्या झ्हीझ्ही नावाच्या सरदाराच्या किल्ल्यावर हान सैन्याने हल्ला केला. चिनी इतिहासात त्या लढाईचं बारीक वर्णन आहे. किल्ल्याभोवती लाकडी कठड्याची दुहेरी तटबंदी होती आणि दरवाजाच्या दोन्ही बाजूंना शंभराहून अधिक पायदळ ‘माशाच्या खवल्यांसारखी’ रचना करून कवायत करत होतं. डब्ज म्हणाले, ढालीला ढाल भिडवण्याची ही रोमन पद्धत आणि दुहेरी लाकडी तटबंदीही रोमनच. त्यांच्या मते पकडलेल्या १४५ सैनिकांना चीनने गान्सूमध्ये वसवलं, आणि त्या गावाला लीचिएन, म्हणजे चिनी लोक पश्चिमेच्या एका देशाला देत तेच नाव, मिळालं.

गोष्ट इतकी छान जुळते की ती खोटी ठरू नये असं वाटतं. पण एकेक सांधा तपासला की तो ढिला निघतो. खवल्यांसारखी रचना ही अनेक सैन्यांत असू शकते. दुहेरी लाकडी तट बांधायला रोमनच लागतात असं नाही. १४५ जिवंत पकडलेले आणि हजारावर शरण आलेले लोक मोहिमेत सैन्य पाठवणाऱ्या पंधरा राज्यांच्या राजांना वाटून दिले, असं त्याच चिनी इतिहासात आहे. म्हणजे ते गान्सूपर्यंत आले हे गृहीतच धरावं लागतं. कॅरे आणि तलास यांच्यामधल्या सतरा वर्षांबद्दल कुठेच काही नाही. लीचिएन या नावाच्या उगमाबद्दलही वेगळे तर्क आहेत.

गावाच्या बाजूने मात्र गोष्ट आणखी पक्की होत गेली. युंगचांग तालुक्यातल्या झ्हेलाइझाई गावात काही रहिवाशांचे डोळे हिरवे, नाक उंच, केस तांबूस. बातम्यांना हे पुरेसं होतं. तालुक्याच्या गावी रोमन वेषातले पुतळे उभे राहिले, पर्यटक येऊ लागले. २००७ मध्ये पुरुषवंशाच्या जनुकांचा अभ्यास झाला आणि लीचिएनची माणसं आजूबाजूच्या हान लोकांशी जवळची आहेत, रोमन उगमाला आधार मिळत नाही, असा निष्कर्ष निघाला. मध्य आशियाच्या रेशीम वाटांवर हिरवे डोळे रोमशिवायही येऊ शकतात, याची अभ्यासकांना आठवण करून द्यावी लागली. २०१५ मध्ये जॅकी चॅनचा ‘ड्रॅगन ब्लेड’ हा सिनेमा याच कल्पनेवर निघाला आणि मग या गोष्टीला जनुकशास्त्र कितीसं पुरणार? आज ती इतिहासापेक्षा पर्यटनाच्या खात्यात जमा आहे, असं म्हणणं अन्यायाचं होणार नाही.

माती काय म्हणते

ग्रंथांपेक्षा उत्खननांचा पुरावा हळू येतो, पण आला की गप्पांची दिशा बदलतो. पहिली बाब रेशमाची. सीरियातल्या पाल्मीरा शहराच्या समाधींमध्ये हान काळातल्या चिनी रेशमाचे तुकडे सापडले. काहींवर विणतानाच घातलेली चिनी अक्षरं आहेत. पाल्मीराचे व्यापारी युफ्रेटिसमार्गे इराणच्या आखातापर्यंत जात. म्हणजे चीनमध्ये विणलेलं कापड रोमन हद्दीत नक्की पोचत होतं. ते कुणी पोचवलं, हे कापड सांगत नाही.

दुसरी बाब व्हिएतनाममधल्या ओक इओची. मेकाँगच्या खोऱ्यातल्या या बंदरगावात लुई मालरे या फ्रेंच संशोधकाने १९४४ मध्ये खोदकाम केलं. तिथल्या वस्तूंत रोमन सम्राटांच्या छापाची सुवर्णपदकं निघाली: एक अँटोनायनस पायसचं, त्यावर इ.स. १५२ ची खूण, आणि दुसरं मार्कस ऑरेलियसचं. आनदुनच्या दूतांची वाट नेमकी याच किनाऱ्याने गेली होती. पण पदक म्हणजे माणूस नव्हे. ही पदकं गळ्यात घालायचे दागिने म्हणूनही हातोहात फिरली असतील. तरी १६६ च्या नोंदीला समुद्रमार्गाचा इतका जवळचा शेजार मिळणं ही लहान गोष्ट नाही.

नाण्यांनी मात्र शाही वकिलातीच्या पक्षाची निराशा केली. चीनमध्ये जी रोमन सोन्याची नाणी मिळाली, त्यातली बहुतेक चौथ्या-पाचव्या शतकानंतरची, म्हणजे बायझेंटाइन काळातली आहेत. ऑगस्टस ते मार्कस ऑरेलियस या काळातलं चलन तिथे जवळजवळ नाहीच. भारतात दक्षिणेकडे त्याच काळातल्या नाण्यांचे ढीगच्या ढीग सापडतात. प्लिनीने रोमचा पैसा पूर्वेकडे वाहून जातो अशी तक्रार करताना भारत, सेरेस आणि अरबस्तान मिळून वर्षाला दहा कोटी सेस्टर्स असा आकडा दिला. पैसा वाहत होता, पण तो अलीकडेच थांबत होता.

हाडांचा विषय नवा आहे. दक्षिण इटलीतल्या वान्यारी इथे, पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या शाही मालमत्तेवरच्या कबरस्तानात एका माणसाच्या मातृवंशाच्या जनुकांत पूर्व आशियात आढळणारी खूण २०१० मध्ये जाहीर झाली. समस्थानिकांच्या तपासणीनुसार तो तिथे जन्मलेला नव्हता. संशोधकांनीच बजावलं की हा वारसा त्याच्या आईच्या कितीतरी पिढ्या मागचा असू शकतो. २०१६ मध्ये लंडनच्या साउथवर्कमधल्या रोमन कबरस्तानातल्या बावीसपैकी दोन सांगाडे कवटीच्या मोजमापांवरून आशियाई मूळ असलेले असू शकतात, असं अभ्यासकांनी मांडलं. ‘रोमन लंडनमध्ये चिनी’ असे मथळे लागले. मोजमापांची ही पद्धत किती विश्वसनीय, यावर तेव्हापासून वाद चालूच आहे.

मधली माणसं

मला या सगळ्या वादात सर्वांत भरभक्कम वाटतो तो मधल्या लोकांचा पुरावा, आणि गप्पांत त्यांनाच सर्वांत कमी जागा मिळते. अफगाणिस्तानातल्या बेग्रामला १९३७ ते १९३९ दरम्यान फ्रेंच पथकाने भिंत घालून बंद केलेल्या दोन खोल्या उघडल्या. आत रोमन काचेची भांडी, भारतीय हस्तिदंताच्या कोरीव पट्ट्या आणि चिनी लाखकामाच्या वस्तू एकत्र होत्या. हा खजिना होता की व्यापाऱ्याचं कोठार, यावर मतभेद आहेत. पण रोम आणि चीन एका छताखाली आल्याचं इतकं निर्विवाद ठिकाण दुसरं नाही. कुषाणांचा हा प्रदेश. अटकेजवळच्या आरा इथल्या खरोष्ठी लेखात एका कनिष्काला महाराज, राजातिराज, देवपुत्र आणि कैसर अशा चार पदव्या एकदम आहेत: भारतीय, इराणी, आणि पुष्कळांच्या मते चिनी व रोमन. चारही दिशांच्या थाटाची त्याला माहिती होती.

दक्षिणेकडे हेच काम समुद्र करत होता, आणि इथे महाराष्ट्राचा संबंध खराखुरा येतो. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी मार्गदर्शिकेत चिनी रेशीम बाल्खमार्गे भडोचला आणि गंगेमार्गे केरळच्या किनाऱ्याला येतं, असं लिहिलं आहे. त्याच पुस्तकात पैठण आणि तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर, इथून माल भडोचला जात असल्याची नोंद आहे. कल्याण बंदराची वाट तेव्हा अडवलेली होती. तिथे ग्रीक जहाज चुकून गेलंच तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेत. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या भांडणाचा हा बाजारी चेहरा. त्या भांडणाची दुसरी खूण नाशिकजवळच्या जोगळटेंभीच्या साठ्यात आहे. १९०६ मध्ये तिथे क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली, त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला होता. रोमन दिनार पश्चिम भारतात कमी सापडतात याचं एक स्पष्टीकरण, ते वितळवून स्थानिक चांदीची नाणी पाडली गेली, असं दिलं जातं. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत मिळालेली पोसायडनची कांस्यमूर्ती टाउन हॉल संग्रहालयात आहे. रोमची चर्चा करायला मराठी माणसाला फार लांब जायला नको.

आजचा ताळेबंद

‘सिल्क रोड’ हे नाव फर्डिनांड फॉन रिख्टहोफेन याने १८७७ मध्ये रूढ केलं, आणि रोम ते चीन असा एक सलग रस्ता लोकांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. १९७८ मध्ये मॅनफ्रेड राश्के याने शेकडो पानांचा शोधलेख लिहून या चित्राला पहिला मोठा धक्का दिला. वॉरविक बॉल आणि खोदादाद रेझाखानी हे त्याच वाटेने आणखी पुढे गेले. त्यांच्या मते असा रस्ता कधी नव्हताच, ती आधुनिक कल्पना आहे. २०२४ मध्ये विल्यम डालरिंपल यांनी ‘द गोल्डन रोड’मध्ये भारताला मध्यभागी ठेवलं आणि रोम व चीन यांना एकमेकांची धड ओळखही नव्हती, असं मांडलं. याला उत्तर देणाऱ्यांचं म्हणणं असं की सलग रस्ता नसला तरी जाळं होतंच, पाल्मीराचं रेशीम आकाशातून पडलेलं नाही, आणि भारताला मध्यभागी ठेवण्याच्या भरात मध्य आशियातल्या सोग्दियन, बाख्त्रियन व्यापाऱ्यांना बाजूला सारू नये.

तिसरा गट संपर्काचा प्रश्नच बाजूला ठेवतो. वॉल्टर शायडेल यांच्या संपादनाखाली २००९ मध्ये आलेल्या ‘रोम अँड चायना’ या ग्रंथात दोन्ही साम्राज्यांची तुलना आहे: कर, सैन्य, नाणी, नोकरशाही. दोघं भेटले नाहीत म्हणूनच तुलना उपयोगी, असा त्यांचा मुद्दा. एकमेकांची नक्कल न करता दोघांनी सारखी उत्तरं कुठे शोधली आणि कुठे वेगळी, हे त्यातून दिसतं. लीजन विरुद्ध हान या गप्पांनाही खरा खुराक इथेच मिळतो. हानचं आडवं धनुष्य, कांस्याच्या खटक्यासह, मोठ्या प्रमाणावर बनवलेलं. रोमचं पायदळ जवळून लढणारं, रस्ते आणि छावण्या बांधणारं. आणि खरं तर दोघांनाही घोडेस्वारांनीच जास्त रडवलं.

उघडे राहिलेले प्रश्न मोजके आहेत आणि नेमके आहेत. तिआओझ्हीची जागा. आनदुनच्या दूतांचं मूळ. दक्षिण चीनच्या ग्वांगझौ आणि हेपू इथल्या हान कबरींत मिळालेल्या काचेच्या भांड्यांपैकी रोमन किती आणि इतरत्र बनलेली किती, हे रासायनिक विश्लेषणाने वेगळं करण्याचं काम चालू आहे. इजिप्तच्या किनाऱ्यावरच्या बेरेनिके बंदरात २०२२ च्या उत्खननात बुद्धाची मूर्ती सापडली. त्याच बंदरात यापूर्वी भारतीय मडक्यात भरलेले साडेसात किलो काळे मिरे मिळाले होते. भारताकडून आलेला तिथला माल आता हजारो तुकड्यांत मोजला जातोय. चीनमधून थेट आलेलं म्हणता येईल असं तिथे अजून काही निघालेलं नाही, आणि खोदकाम संपलेलं नाही.